मराठी शिकणाऱ्याला उत्तर मराठीतच हवे

इतर राज्यांतून बदली होऊन महाराष्ट्रात आलेल्या बँक अधिकाऱ्यांना मी सुट्टीच्या दिवशी बोली मराठी शिकवते. काही महिन्यांत त्यांचा शब्दसंग्रह बऱ्यापैकी तयार होतो, साधे व्याकरणही बसते. अडते ते काउंटरवर, समोर खातेदार उभा असताना. व्याकरणशुद्ध वाक्य करता येणे वेगळे आणि ते कोणाशी, कुठे, कसे बोलायचे हे कळणे वेगळे, ही गोष्ट डेल हाइम्स या भाषाशास्त्रज्ञाने १९७२ साली स्पष्टपणे मांडली होती. सत्तरीच्या शेतकऱ्याला 'तू इथे सही कर' असे सांगणाऱ्या अधिकाऱ्याचे व्याकरण निर्दोष असते, पण तेवढ्याने संवाद सुरू होण्याआधीच बिघडतो. 'काका, इथे सही करा' हे वाक्य त्याला व्याकरणाच्या पुस्तकातून मिळत नाही, ते त्याला माणसांत वावरूनच मिळते.

बोलण्यावर मातृभाषेचा परिणाम होतो हे सगळेच जाणतात, मात्र तो परिणाम आपण समजतो तितका सरळ नसतो. हिंदी भाषकाला लिपी ओळखीची आणि बरेच शब्दही ओळखीचे, त्यामुळे तो पहिल्या आठवड्यापासून धीटपणे बोलू लागतो. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून 'माझा घर' होते. 'मैंने'च्या सवयीमुळे 'मीने सांगितलं' होते. तरीही काम भागते, आणि नेमके काम भागते म्हणूनच पुष्कळ जण तिथे थांबतात. शिकणाऱ्याची ही मधली, अर्धवट भाषा कायमची गोठून जाऊ शकते, असे लॅरी सेलिंकर यांचे १९७२ सालचे प्रतिपादन आहे आणि माझा अनुभवही तोच आहे. याउलट तेलुगू भाषकाला लिपीपासून सुरुवात करावी लागते, 'मी जातो' आणि 'मी जाते' यांतला फरक सारखा लक्षात ठेवावा लागतो. पण 'ळ' त्याच्या जिभेवर आधीपासूनच असतो, आणि 'आम्ही' व 'आपण' हा भेद त्याच्या भाषेतही असल्याने त्याला तो समजावून सांगावाही लागत नाही. हिंदी भाषक मात्र त्याच भेदापाशी वर्षानुवर्षे अडखळतो.

प्रेरणेबद्दल फार लिहीत नाही. दोन-तीन वर्षांत पुन्हा बदली होणार हे ठाऊक असलेला माणूस कामापुरतेच शिकणार, आणि ज्याची मुले इथल्या शाळेत जातात, शेजारी ज्याला हळदीकुंकवाला किंवा गणपतीला घरी बोलावतात, तो अधिक शिकणार, हे उघडच आहे.

भीतीचा विचार मात्र थांबून करायला हवा. परभाषा बोलताना वाटणारी धास्ती ही एरवीच्या लाजाळूपणापेक्षा वेगळी असते, हे इलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली दाखवून दिले. सभेत तासभर इंग्रजीत बोलणारा शाखाधिकारी मराठीतले एक वाक्य बोलताना घाम पुसतो, हे मी पाहिले आहे. त्याच्या 'च'च्या उच्चारावर कोणी हसले की पुढचा आठवडाभर तो मराठीला हात लावत नाही. आणि 'मराठीत बोल' असे दरडावल्याने फार तर एखादे वाक्य पाठ होते. मराठीचा मला अभिमान आहे, म्हणूनच ती कोणाला धाकाची भाषा वाटावी हे मला सहन होत नाही.

तरीही माझ्या मते सर्वांत मोठा अडसर वेगळाच आहे आणि तो आपण मराठी माणसेच उभा करतो. अधिकारी जुळवून, सावकाश विचारतो, 'काका, पासबुक आणलंय का?' आणि उत्तर येते, 'हां, लाया है, एंट्री करके दो.' खातेदाराचा हेतू चांगलाच असतो, समोरच्याला त्रास पडू नये इतकाच. परंतु त्या एका उत्तराने शिकणाऱ्याची पुढची चार वाक्ये हिरावली जातात. कॅनडात फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या इंग्रजी भाषक मुलांचा अभ्यास करून मेरिल स्वेन यांनी १९८५ साली असे मांडले की वर्षानुवर्षे भाषा कानांवर पडणे पुरेसे नसते, कारण ऐकून अर्थ लागतो, पण नेमकी रचना करण्याची गरज स्वतः बोलावे लागते तेव्हाच निर्माण होते. मुंबई-पुण्यात ही गरजच आपण पडू देत नाही.

तालुक्याच्या शाखेत चित्र निराळे असते. बचत गटाची एखादी बाई काउंटरवर येऊन म्हणते, 'अनुदान जमा झालंय का बघा की.' अधिकारी गोंधळतो. ती हिंदीकडे वळत नाही, कारण तिला हिंदी बोलण्याची सवय नसते. ती तेच सोपे करून सांगते, 'पैसे हो, सरकारचे पैसे. आले का खात्यात?' आता त्याला अर्थ लागतो आणि 'अनुदान' हा शब्दही त्याचा होतो. मायकेल लाँग यांनी भाषा शिकण्यात ज्या परस्पर देवाणघेवाणीला महत्त्व दिले ती हीच. अशा शाखेत राहून आलेले अधिकारी शहरातल्या सहकाऱ्यांपेक्षा लवकर बोलते झालेले मला दिसतात, मग त्यांची मातृभाषा कोणतीही असो.

म्हणून वर्ग सुरू होताना मी शाखेतल्या मराठी कर्मचाऱ्यांशीही बोलते. नव्या अधिकाऱ्याशी मराठीत बोला, वाक्ये छोटी ठेवा, उत्तरासाठी थोडे थांबा, आणि तो बोलत असताना मध्येच चूक काढू नका, एवढेच सांगते. तो 'तुमचा खाता बंद आहे का?' म्हणाला, तर 'नाही, माझं खातं चालू आहे' असे उत्तर द्यावे: दुरुस्त रूप त्याच्या कानावर पडते, चारचौघांत त्याची चूकही निघत नाही आणि बोलणे मराठीतच पुढे सरकते.