चौकातली चार टायरं

आमचा सोलापुरातल्या विजापूर रोडकडच्या कॉलनीतला चौक तुम्हाला माहीत असायचं कारण नाही, नावसुद्धा नाही त्याला, 'त्या मेडिकलच्या चौकात ये' एवढाच पत्ता. पण सकाळी पावणेदहाला तिथं उभं राहून बघा. शाळेच्या रिक्षा, ऑफिसला निघालेली मंडळी, चुकीच्या बाजूनं येणारा दूधवाला, आणि दिवाळी झाली की उसाच्या डबल ट्रॉल्या. एका रविवारी चहाच्या टपरीवर वही घेऊन गाड्या मोजायला बसलो होतो, दहा मिनिटांत वही मिटली आणि भजी मागवली.

सगळ्यांचं एकच, सिग्नल बसवा. मलापण आधी तसंच वाटायचं. पण सिग्नलचं काय होतं, हिरवा पडला की सुटतात सगळे शर्यतीसारखे, पिवळा दिसला की अजून जोरात, आणि दुपारी रस्ता रिकामा असताना आपण एकटेच उन्हात लाल दिव्याकडं बघत उभे. सोलापूरच्या एप्रिलमधलं ऊन, ४२-४३ डिग्री, त्यात नव्वद सेकंद उभं राहून दाखवा कुणीतरी.

मग सर्कलबद्दल वाचत गेलो आणि लक्षात आलं की आपण ज्याला सर्कल म्हणतो ते वेगळंच काहीतरी आहे. आपल्याकडं मधे कारंजं, रेलिंग, त्यावर वाढदिवसाचे फ्लेक्स, झालं सर्कल. खरं काम त्या गोलाचं नसतंच, आत शिरताना गाडी वळवावी लागते, त्यामुळं झक मारत स्पीड कमी होतो, हे काम. साध्या चार रस्त्यांच्या चौकात गाड्या एकमेकांच्या वाटेत येण्याच्या ३२ जागा असतात, एका लेनचा गोल केला की ८ उरतात. समोरासमोरची आणि काटकोनातली धडक जवळजवळ संपते, उरतं ते घासाघाशीचं. बंपर जातो, माणूस वाचतो.

आणि नियम एकच, आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आपण डावीकडून चालवतो म्हणजे घड्याळाच्या काट्यासारखं फिरायचं, उजवीकडून येणाऱ्यासाठी थांबायचं. इंग्लंडमध्येसुद्धा हा नियम १९६६ ला पक्का झाला, त्याआधी तिथंपण बाहेरचे आत घुसायचे आणि गोल जाम व्हायचा (हे वाचून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू).

आमच्या चौकात अडचण दोन ठिकाणी आहे. एक, उजवीकडं वळायचं तर गोलाला पूर्ण वळसा कोण घालणार, आपला माणूस अलीकडूनच शॉर्टकट मारणार. त्यासाठी प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी छोटा तिकोनी दुभाजक पाहिजे, तो नसेल तर मधला गोल सोन्याचा केला तरी उपयोग नाही. दुसरी अडचण ट्रॉलीची. ट्रॅक्टर वळतो पण मागची ट्रॉली आतून कापत येते, तिची चाकं गोलावर चढणारच. तर गोलाच्या कडेनं जरा उंच, खडबडीत पट्टी ठेवायची, ट्रॉली चढून जाईल, कारवाल्याला मात्र गचका बसेल म्हणून तो चढणार नाही. झाडं, कारंजं सगळं त्याच्या आत. सात रस्त्यासारख्या मोठ्या गर्दीच्या चौकात हे चालेल असं माझं म्हणणं नाही, गाड्या फार झाल्या की गोलच तुंबतो, मग सिग्नलच बरा. आमच्यासारख्या मधल्या चौकांसाठी बोलतोय.

मागच्या महिन्यात आम्ही पाच-सहा जणांनी ट्रॅफिकच्या साहेबांना विचारून जुनी चार टायरं आणली, चुन्यानं रंगवली, मधे ठेवली आणि फक्कीनं गोल आखला. पहिल्या दिवशी एक आजोबा स्कूटरवरून तीन फेऱ्या मारून आले, 'बाहेर कुठून पडायचं ओ?' दुसऱ्या दिवसापासून मात्र रिक्षावाले बरोबर फिरायला लागले, सगळ्यांच्या आधी तेच शिकले, आपण उगाच नावं ठेवतो त्यांना. हॉर्न कमी झालेत असं समोरची मेडिकलवाली काकू म्हणते, ती दिवसभर तिथंच असते म्हणजे तिचं खरं धरायला हरकत नाही.

शुक्रवारी रात्री ट्रॉलीनं दोन टायरं चेपली. एक नाल्यात सापडलं. चौथं काल बघितलं तर पाणीपुरीच्या गाड्याखाली टेकण म्हणून लावलंय, आणि गाडा कुठं लावलाय तर बरोबर गोलाच्या तोंडाशी. आज संध्याकाळी जाऊन बोलणार आहे त्याच्याशी, पाणीपुरी खाऊन झाल्यावर.