कट गेट: पीटच्या पठारावरून डरवेंटच्या खोऱ्यात

शेफिल्ड-लीड्सकडच्या माउंटन बाइकवाल्यांमध्ये कट गेटचं नाव निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "वाट सुकलीय का?" सुकली नसेल तर कुणी जात नाही, जाऊही नये. इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमधली ही वाट लँगसेटच्या तलावापासून चढते, उघडंबोडकं पठार ओलांडते आणि पलीकडे डरवेंट नदीच्या खोऱ्यात उतरते. लांबी साधारण १० किलोमीटर. खास सायकलींसाठी बांधलेल्या बाइक पार्कमध्येही मी जातो. तिथली वळणं आणि उड्या मापून काढलेल्या असतात, मजाही येते. तरी निवडायची वेळ आली तर मी कट गेटच निवडेन, कारण ही वाट माणसांनी गरजेपोटी तुडवून केलेली आहे.

मे महिन्याच्या शेवटी चांगली उघडीप मिळाली. लीड्सचा मावसभाऊ आदल्या रात्रीच मुक्कामाला आला होता. सकाळच्या गाडीने आम्ही पेनिस्टनला उतरलो आणि गावरस्त्यांनी लँगसेट गाठलं. सुरुवात पेनिस्टनपासून करायची हा माझा हट्ट होता. पलीकडच्या खोऱ्यातले शेतकरी पूर्वी मेंढरं हाकत याच पेनिस्टनच्या बाजाराला यायचे, आणि कट गेट ही त्यांचीच बाजारवाट.

लँगसेटला पाइनच्या झाडीतून वाट तलावाच्या कडेने जाते, पूल ओलांडते आणि मग अंगावर येते. चढ फार उभा नाही, पण सुटे दगड आणि वाळू यांमुळे मागचं चाक घसरत राहतं. सॅडलवर पुढे सरकून, छाती हँडलपाशी नेऊन, सगळ्यात हलक्या गिअरवर दमाने चढायचं. वर आलं की झाडं संपतात. चहूकडे हेदरची गुडघाभर झुडपं, अजून तपकिरीच. ती जांभळी होतात ऑगस्टमध्ये. मधूनमधून कापूसगवताचे पांढरे झुपके वाऱ्यावर हलत होते. रेड ग्राउस पक्षी झुडपातून अचानक उडाला आणि त्याच्या त्या खडखडाटी ओरडण्याने मावसभाऊ सायकलवरच दचकला.

पुढचा तुकडा मिकलडेन एजचा. एका बाजूला दरी खोल जाते आणि वाट तिच्या काठाकाठाने वर सरकते. इथे नजर चाकापुढच्या दगडावर न ठेवता चार-पाच मीटर पुढे ठेवायची, म्हणजे सायकल आपोआप सरळ जाते. मावसभावाला हे सांगावं लागलं. एकदा जमल्यावर तो माझ्याही पुढे निघाला आणि वरून हाका मारत राहिला, "दादा, ये लवकर!"

काठ सोडून वाट पठारावर शिरते आणि पीट सुरू होतं. काळी, ओली, सडलेल्या वनस्पतींची माती. पाणी साठून राहिल्यामुळे शेवाळ, गवत मेल्यावर पूर्ण कुजत नाही आणि थरावर थर चढत जातो. वाढ वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. म्हणजे मीटरभर पीटला हजार वर्षं. काही ठिकाणी ते कित्येक मीटर खोल आहे. मँचेस्टर, शेफिल्डच्या गिरण्या आणि भट्ट्यांच्या गंधकयुक्त धुराने इथलं स्फॅग्नम शेवाळ मारलं. शेवाळ गेल्यावर पीट उघडं पडलं, पावसाने घळी पाडल्या. २००३ पासून 'मूर्स फॉर द फ्यूचर' ही भागीदारी या पठारांवर घळींत बांध घालते आहे, स्फॅग्नमची रोपं पुन्हा लावते आहे.

म्हणूनच सुकल्याशिवाय जाऊ नये हा आग्रह. ओल्या पीटमध्ये चाक रुतलं की चर पडते, चरीतून पाणी वाहतं, पुढचा माणूस ती चुकवायला बाजूच्या गवतावर जातो, आणि वर्षभरात एका वाटेच्या चार होतात. डबकं आलं तर मधूनच जायचं, बूट भिजले तरी. सर्वांत वाईट दलदलीच्या टप्प्यावर आता मोठ्या दगडी लाद्या टाकल्या आहेत. त्यासाठी गिर्यारोहक आणि सायकलवाले यांनी मिळून वर्गणी गोळा केली होती. मला या लाद्यांवरून जाताना मनापासून बरं वाटतं. काही जण म्हणतात वाट सोपी झाली, मजा गेली. मला ते पटत नाही. जिथे हजार वर्षांची माती वाहून जातेय, तिथे माझी मजा दुय्यम आहे.

इथे सायकल नेता येते ती १९६८च्या कंट्रीसाइड कायद्यामुळे. त्याने घोड्यांसाठीच्या ब्रिडलवेवर सायकलींना वाट दिली, अट एकच: चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी जाऊ द्यायचं. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या १:२५,००० नकाशावर ब्रिडलवे लांब हिरव्या तुटक रेषांनी दिसतो. पायवाटेच्या रेषा आखूड असतात, तिथे सायकलला हक्क नाही. चालणाऱ्यांनाही या पठारांवर मोकळेपणी फिरायला झगडावं लागलं होतं. जवळच्याच किंडर स्काउटवर २४ एप्रिल १९३२ला शेकडो कामगार तरुण जमीनदारांची मनाई मोडून चढले आणि त्यांतले पाच जण तुरुंगात गेले. माथ्यावर ब्रेड-चीज खात बसलो असताना हे सगळं मी मावसभावाला सांगितलं. त्याने इतकी वर्षं लीड्समध्ये राहून हे ऐकलं नव्हतं.

मग उतार. यासाठीच तर यायचं. सॅडल खाली, टाचा खाली, गुडघे आणि कोपरं सैल. वाट आधी पठारावरून सुसाट निघते, मग वाटेत पाणी काढून द्यायला घातलेल्या आडव्या दगडी चऱ्या येतात. तिथे पुढचं चाक हलकेच उचलायचं, नाहीतर ट्यूब फुटलीच. शेवटी क्रॅनबेरी क्लफ या घळीच्या अंगाने सुट्या ग्रिटस्टोनचा, म्हणजे खरखरीत वालुकाश्माचा, तीव्र, वळणावळणाचा भाग. ग्रिटस्टोन कोरडा असला की टायरला असा धरतो की मागचा ब्रेक सोडून द्यायचा धीर येतो. खाली पोचलो तेव्हा आम्ही दोघंही मोठमोठ्याने हसत होतो, बोटं ब्रेक धरून आखडली होती.

खाली स्लिपरी स्टोन्सला दोन कमानींचा एक जुना दगडी पूल आहे. लादलेले घोडे जातील एवढाच रुंद. हा मूळचा इथला नाही. नदीच्या खालच्या अंगाला डरवेंट नावाचं गाव होतं, तिथला. लेडीबाउर धरणात ते गाव आणि शेजारचं ॲशॉप्टन बुडणार हे ठरल्यावर पुलाचा दगड न् दगड सुटा करून ठेवला आणि १९५९ मध्ये इथे पुन्हा उभा केला. पुलावर हात ठेवून मी बराच वेळ थांबलो. माझं आजोळ इंदापूर तालुक्यातलं. उजनीचं पाणी आटलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि माणसं आपलं बुडालेलं गाव पाहायला जातात, हे लहानपणापासून ऐकलेलं आणि पाहिलेलं. इथेही २०१८ आणि २०२२च्या दुष्काळात डरवेंटचे पाये आणि भिंती उघड्या पडल्या तेव्हा लोक असेच आले होते.

पुढे पूर्वेच्या काठाने दगडाळ पण सपाट वाट हाउडन आणि डरवेंट या जुन्या धरणांवरून जाते. पैकी हाउडन १९१२चं, डरवेंट १९१६चं. पलीकडच्या काठावर मजुरांसाठी पत्र्याच्या घरांचं बर्चिनली नावाचं गावच वसवलं होतं, शाळा-दवाखान्यासकट. डरवेंट धरणाच्या दोन मनोऱ्यांवरून १९४३ मध्ये ब्रिटिश विमानदलाच्या ६१७ स्क्वाड्रनने जर्मनीतली धरणं फोडण्याचा सराव केला. बुडालेल्या गावाची जागा आली तेव्हा तलाव भरलेला होता. चर्चचा मनोरा काही वर्षं पाण्याबाहेर डोकावत होता, १९४७ मध्ये तोही पाडला.

लेडीबाउरच्या भिंतीखालून थॉर्नहिल ट्रेल घेतली. धरणांचा दगड वाहायला टाकलेल्या रेल्वेची ही वाट, आता रूळ गेलेत. थकलेल्या पायांना असाच सौम्य उतार हवा असतो. शेवटी थोडा डांबरी रस्ता आणि बॅमफर्ड स्टेशन. तिथून शेफिल्डची गाडी मिळते, पण डब्यात सायकलींना जागा थोडी असते, म्हणून रविवारची संध्याकाळ टाळा.

तुम्हाला जायचं असेल तर एप्रिल ते सप्टेंबरमधली सलग कोरडा आठवडा बघा किंवा हिवाळ्यात जमीन कडक गोठलेले दिवस. वारा आणि धुकं माथ्यावर क्षणात येतं, तेव्हा जाकीट, कागदी नकाशा, होकायंत्र आणि दोन ट्यूब सोबत असू द्या. वसंतात जमिनीवर घरटी असतात, वाट सोडू नका. कुणी चालत येताना दिसलं की थांबा, आधी त्यांना जाऊ द्या.