डोक्यावर पाय असलेलं चिलट

आमरसाचे दिवस आले की आमच्या दांडिया बाजारातल्या घरी सालांच्या बादलीवर चिलटं घोंगावणारच, आणि आई ओरडणार, "आले बघ गं तुझे मित्र!" कारण एम.एस्सी.ला मी हीच पाळली होती. शास्त्रीय नाव ड्रोसोफिला. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि अगर-अगर (चायना ग्रास) शिजवून त्यांचा खाऊ करायचा, कपड्यांना तोच आंबूस वास, बाटल्या २५ डिग्रीला ठेवल्या की १० दिवसांत अंड्याची माशी तयार. बडोद्याच्या मे महिन्यात लाइट गेली की मात्र वाट, ३०च्या आसपास नर पोरं द्यायचे बंद होतात.

अँटेनापीडिया म्युटंट, म्हणजे त्या नावाच्या जीनमध्ये बिघाड असलेली माशी, पहिल्यांदा बघितली तेव्हा मला वाटलं माशी चिरडली आणि तुटका पाय डोक्याला चिकटलाय, मी ब्रशने काढायला गेले तर निघेना. तो उगवलेलाच होता, मिशीच्या जागी! गंमत म्हणजे पाय कसा करायचा हे त्या जीनमध्ये लिहिलेलंच नसतं, तो पेशींना फक्त सांगतो की तुम्ही छातीतल्या आहात. डोक्यात तो बंद असतो, म्युटेशनमुळे तिथेही चालू झाला की तिथल्या पेशी बिचाऱ्या इमानदारीत पाय करतात. आंगडियाने (कुरिअरवाल्याने) पार्सल चुकीच्या घरी दिलं तसं, आतला माल अगदी धड.

अल्ट्राबायथोरॅक्स या जीनचं उलटं. तो छातीच्या तिसऱ्या भागात बंद पाडला की तो भाग स्वतःला दुसरा, म्हणजे पंखांचा भाग समजतो आणि माशीला दोनाऐवजी चार पंख येतात, जे एड लुईस या शास्त्रज्ञाने करून दाखवलं. पण त्या जादा पंखांना उडायचे स्नायूच नाहीत, म्हणजे नुसता थाट.

मला सगळ्यात भारी वाटतो बायकॉइड हा जीन. त्याचा मेसेज (आरएनए) माशी-आई अंड्याच्या पुढच्या टोकाला ठेवून देते आणि तिथे डोकं होतं. आईतल्या या जीनच्या दोन्ही कॉपी बिघडलेल्या असतील तर ती स्वतः ठणठणीत, पण पिल्लांना डोकंच नाही, तिथेही शेपटाकडचाच भाग, आणि बापाचा जीन कितीही चांगला असला तरी उपयोग शून्य. असे जीन शोधणाऱ्या न्युसलाइन-फोलहार्ड आणि वीशाउस या शास्त्रज्ञांना लुईसबरोबर १९९५चं नोबेल मिळालं.

हे सगळं मी काल आईला रस काढता काढता सांगितलं. ती कोय पिळत म्हणाली, "म्हणजे तिथेही आईचंच चुकलं का?"

मी बादली उचलून गॅलरीत ठेवून आले.