तुम्ही विचारलंत म्हणून: कंट्रीची सुरुवात कुठून करू?

कंट्री म्युझिक, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण दक्षिणेतून आलेलं संगीत, ऐकायचंय, सुरुवात कुठल्या अल्बमने करू, असं मला बरेच जण विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: 'अलाबामा' या बँडचा १९८६चा 'ग्रेटेस्ट हिट्स'.

त्यावर जाणकार मंडळी हमखास नाक मुरडतात. संकलन कशाला, एखादा मूळ अल्बम सांगा ना! दुसरा कुठला बँड असता तर मीही मूळ अल्बमच सुचवला असता. पण अलाबामा घडला तोच मुळी लोकांच्या फर्माइशींवर.

रँडी ओवेन, टेडी जेन्ट्री आणि जेफ कुक हे नात्यातलेच तिघे, अलाबामा राज्यातल्या फोर्ट पेनचे. ओवेन आणि जेन्ट्री लुकआउट माउंटनवर कापसाच्या शेतांत वाढले. १९७३पासून उन्हाळा आला की हे साउथ कॅरोलायनातल्या मर्टल बीचला जायचे आणि तिथल्या 'द बॉवरी' या बारमध्ये टिपांवर वाजवायचे. टिप हवी तर समोरचा मागेल ते गाणं वाजवता आलं पाहिजे, मग ते कंट्री असो की रॉक. अशी कित्येक वर्षं काढल्यावर लोक कशावर उठून नाचतात आणि कशावर गप्पांकडे वळतात, हे कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. कंट्री संगीताची राजधानी मानल्या जाणाऱ्या नॅशव्हिलमध्ये तेव्हा मान एकट्या गायकाला. बँड म्हणजे त्याच्या मागे उभी राहणारी माणसं. १९८० मध्ये आरसीए या रेकॉर्ड कंपनीने यांना करारबद्ध केलं आणि १९८७पर्यंत, नाताळचं एक गाणं सोडलं तर, सलग २१ गाणी कंट्रीच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली.

या अल्बमवर गाणी दहाच. त्यातली आठ पहिल्या क्रमांकाची. उरलेल्या दोनांसाठी मला हा अल्बम जास्त प्रिय आहे. 'माय होम्स इन अलाबामा' १७व्या क्रमांकावरच थांबलं होतं, तरी ते इथे आहे, कारण घर सोडून गाणं विकायला निघालेल्या पोरांची ती स्वतःची गोष्ट आहे. दुसरं 'द फॅन्स', थेट ऐकणाऱ्यांसाठी केलेलं. टिपांवर जगलेल्या बँडने हे ऋण मानावं, हे मला फार मोलाचं वाटतं.

'माउंटन म्युझिक' मात्र हेडफोन लावून ऐका. त्यात पोरं गारगोट्यांचा चेंडू करून बेसबॉल खेळतात आणि बॅट म्हणून लाकडाच्या वखारीतली फळी घेतात. धुण्याच्या धोपटण्याने क्रिकेट खेळलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागू नये. शेवटाकडे लय एकदम पळू लागते, फिडल, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन, पुढे सरसावतं, आणि रेकॉर्डिंग स्टुडिओतलं हे गाणं पार अंगणातलं होऊन जातं.

'फॉर्टी अवर वीक' १९८५चं. डेट्रॉइटचे मोटार कामगार, पिट्सबर्गचे पोलाद कामगार, कॅन्ससचा गहू पिकवणारा शेतकरी, वेस्ट व्हर्जिनियाचा कोळसा खाणकामगार अशी एकेकाला नावानिशी हाक मारत ते जातं. कुणी तरी तुमचे आभार मानायला हवेत, एवढंच त्याचं म्हणणं. कारखाने बंद पडण्याच्या त्या काळात हे गाणं त्या माणसांच्या रेडिओवर वाजत होतं, हे लक्षात ठेवून ऐकलं तर त्यातला साधेपणा भाबडा वाटत नाही.

'ओल्ड फ्लेम', 'फील्स सो राइट', 'व्हाय लेडी व्हाय' ही प्रेमगीतं. ती आपोआप आवडतील, त्यांच्यासाठी माझी शिफारस नको. ओवेनच्या आवाजाला बाकी दोघांचे आवाज कुठे येऊन मिळतात, त्या जागा तेवढ्या टिपून घ्या.

तक्रार एकच: १९८३चं 'डिक्सीलँड डिलाइट' यात नाही. अलाबामा राज्यातल्या टस्कलूसाच्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यांत अख्खं स्टेडियम ते गातं. दहा गाणी ऐकून झाली की ते वेगळं शोधा, आणि शक्यतो त्या गर्दीच्या आवाजातलंच ऐका.