पक्ष, साध्य, सिद्धता

नववीच्या सहामाहीत एका पेपरची बेरीज माझ्याकडून चुकली. ३८ च्या जागी ३६ लिहिले गेले. मुलाचे वडील येऊन शांतपणे दाखवून गेले, मी दुरुस्ती केली. घडलं ते एवढंच. पण बावीस वर्षं मी गणित शिकवतेय, आणि त्या रात्री तीनला जाग आली ती एक वाक्य घेऊनच : 'जिला बेरीज येत नाही ती कसली गणिताची बाई!'

पुढचे चार महिने ते वाक्य गेलं नाही. भूक मेली. तपासलेल्या गठ्ठ्यांची दोरी सोडून मी त्याच बेरजा चार-चारदा करायचे. 'अगं, दोन मार्कांचं काय घेऊन बसलीस?' असं सासूबाई मायेनंच म्हणायच्या, पण ते आत पोचायचं नाही. 'मी नसले तर सगळे सुटतील' असं वाटू लागलं, तेव्हा मात्र ह्यांना सांगितलं. त्याच आठवड्यात आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. (घरात बोलणं जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.)

गोळ्यांचा गुण यायला तीनेक आठवडे लागले. झोप परतली, वाक्य तिथेच होतं. समुपदेशक मॅडमनी अॅरन बेक या अमेरिकन डॉक्टरांचं काम समजावलं. नैराश्यातल्या माणसाचे विचार तीन बाजूंनी काळवंडतात, हे त्यांनी १९६० च्या दशकात मांडलं : स्वतःबद्दल, जगाबद्दल, पुढच्या दिवसांबद्दल. माझे तिन्ही तयारच होते. मी नालायक, सगळे मला हसतात, हे आता असंच राहणार. मन खचलं की आठवणीही तशाच निवडून वर येतात, आणि त्या आठवणींनी मन आणखी खचतं.

मॅडमनी वही घालायला सांगितली. काय घडलं, कोणता विचार आला, तो शंभरात किती खरा वाटतो, त्याला पुरावा काय, विरुद्ध पुरावा काय. सवयीनं मी भूमितीसारखं लिहिलं. पक्ष : ६४ पेपरांपैकी एकाची बेरीज चुकली. साध्य : मी नालायक शिक्षिका आहे. सिद्धता...

पुढे पेन चालेना. पक्षापासून साध्यापर्यंत न्यायला एकही पायरी नव्हती. एखाद्या मुलानं हे लिहून आणलं असतं तर मी गुण दिले नसते, आणि चार महिने मी ते पूर्ण मानून जगत होते. मला रडू आलं.

विचार लगेच गेला नाही. त्या दिवशी शंभरात पंच्याण्णव खरा वाटत होता, आठवड्यानं साठ. 'मी उत्तम शिक्षिका आहे' असं घोकायला मात्र मॅडमनी कधी सांगितलं नाही, याचं मला फार मोल वाटतं. तेही सिद्ध न केलेलं विधानच झालं असतं. सगळ्यात अवघड होतं विचार येताना पकडणं. मला वाटायचं, आधी उदास वाटतं आणि मग विचार येतात. वहीत वेळ लिहायला लागल्यावर दिसलं, कितीदा तरी वाक्य आधी येऊन गेलेलं असायचं.

यंदाच्या सहामाहीचे पेपर परवा संपवले. बेरीज एकदा केली, एकदा ताडून पाहिली आणि गठ्ठ्याला दोरी बांधली.