तुम्ही विचारलंत म्हणून : पात्राचा क्लास ओळखायचा कसा?

"सगळी काड्यांची माणसं. कुणाच्या कपाळावर काही लिहिलेलं नाही. मग हा रेंजर, तो सॉर्सरर, हे तुम्ही छातीठोकपणे कसं सांगता?" 'द ऑर्डर ऑफ द स्टिक' हे वेबकॉमिक नुकतंच वाचायला घेतलेलं कुणी भेटलं की हा प्रश्न ठरलेला. (क्लास म्हणजे इथे शिकवणी नव्हे हो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या पात्रं रंगवून खेळायच्या खेळात पात्राचा जो पेशा असतो, तो. रेंजर म्हणजे रानावनात वावरणारा लढवय्या, सॉर्सरर म्हणजे उपजत जादूगार.)

छातीठोकपणे सांगत नाही, हे आधी कबूल करते. पण अगदीच हवेत बाणही मारत नाही. कॉमिक २००३ साली सुरू झालं आणि पहिल्याच भागात सगळी मंडळी खेळाच्या ३.५ आवृत्तीत जातात. म्हणजे हे जग कुठल्या नियमांवर चालतं ते लेखकाने दारातच सांगून टाकलंय. आता नियमपुस्तक शेजारी ठेवायचं आणि चौकटी वाचायच्या.

खरी मजा जादूगारांत. विझार्डला, म्हणजे शिकून झालेल्या जादूगाराला, पोथी उघडून दिवसभराचे मंत्र आधीच ठरवून घ्यावे लागतात. फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा मंत्र) एकदाच तयार केला असेल तर एकदाच सुटणार, मग कितीही हात झाडा. सॉर्सररला पोथीच नको. त्याला मंत्र मोजकेच येतात, पण त्यातला हवा तो, हवा तेव्हा, पुन्हा पुन्हा. त्यामुळे एकाच लढाईत कोण काय किती वेळा टाकतंय हे मी बोटांवर मोजते. लेव्हलचाही, म्हणजे पात्र त्या पेशात कितव्या पायरीवर आहे त्याचाही, थोडा माग लागतो. फायरबॉल विझार्डला पाचव्या लेव्हलला मिळतो, सॉर्सररला सहाव्या. 'मेटिऑर स्वॉर्म' हा उल्कांचा मंत्र दिसला तर विझार्ड किमान १७चा, सॉर्सरर किमान १८चा. मात्र हातात मंत्र लिहिलेली गुंडाळी दिसली की हिशेब पाण्यात. तिच्यावरून मंत्र सोडायची युक्ती चलाख 'रोग'लाही (चोरट्या हातांचा क्लास) जमते.

तलवारवाल्यांचे वार मोजूनही लेव्हल ताडता येते, पण त्यावर माझा फारसा विश्वास नाही. एक चौकट म्हणजे खेळातली सहा सेकंदांची पुरी फेरी, की चित्रकाराला आवडलेली नुसती एक पोज, कोण सांगणार?

आता माझी फजिती. मीको नावाची योद्धी आली, कमरेला कटाना (जपानी तलवार), आणि स्वतःला सामुराय म्हणवते. खेळात सामुराय नावाचा क्लास खरोखर आहे. मी वहीत तोच लिहून मोकळी! पुढे कळलं की ती निव्वळ पदवी. बाई निघाली पॅलडिन (धर्मयोद्धा) आणि मंक (हातापायांनी लढणारा संन्यासी). स्वतःवरच चिडले. पण त्या चिडण्यातून एक छान गोष्ट हाती लागली. ३.५च्या नियमांत पॅलडिनने दुसऱ्या क्लासची लेव्हल घेतली की पॅलडिन म्हणून पुढे जाता येत नाही. मंकचंही तसंच. म्हणजे हे दोन्ही क्लास अंगी असणाऱ्याने आयुष्यात एकदाच उंबरठा ओलांडलेला असतो, परतीची वाट बंद. आणि मीको तर पॅलडिनपण मिरवत आली होती, तेव्हा मंकच्या लेव्हल आधीच्याच असणार असं मी धरलं. पुढे तिने आपल्याच धन्याला मारलं आणि पॅलडिनच्या शक्ती गेल्या, तेव्हा मंकचं शिक्षण तेवढं उरलं. ती पानं मी या हिशेबाने पुन्हा वाचली. पहिल्यांदा नुसता राग आला होता, या वेळी पोटात कालवलं.

न दिसणाऱ्या गोष्टींवरून मात्र घाईने काही ठरवू नका. कॉमिकमधल्या बेल्कारबद्दल, "बेल्कार रेंजर असेल तर मंत्र का टाकत नाही?" असं मला कितीदा विचारलंय. अहो, रेंजरला साधा पहिल्या पातळीचा मंत्र टाकायलाही विझडम, म्हणजे शहाणपणाचा आकडा, ११ लागतं. बेल्कारची कुठलीही दोन पानं वाचा आणि तुम्हीच सांगा.

आणि कधीकधी लेखकच पट उधळतो. कॉमिकमधला ईलन बार्ड, म्हणजे गाण्यातून जादू करणारा भाट, यात शंका नव्हती. गातो काय, ल्यूट वाजवतो काय. पुढे तो 'डॅशिंग स्वोर्ड्समन' झाला. वार करताना खटकेबाज वाक्य टाकलं की वार जोरात बसतो, असा हा क्लास. मी पुस्तकं चाळत बसले. कुठून सापडणार? कॉमिकसाठीच रचलेला! माझ्या वहीत त्याला रकानाच नव्हता, शेवटी समासात आडवा लिहिला.