सिलिंडर बोअरिंगला देताना आणि परत घेताना: माझा अनुभव

जुन्या मोटारसायकलचे इंजिन स्वतः उघडणाऱ्या प्रत्येकाला एक काम बाहेर द्यावेच लागते, ते म्हणजे सिलिंडरचे बोअरिंग, म्हणजे ज्या नळीत पिस्टन वर-खाली होतो ती झिजलेली नळी आतून कोरून सारखी करणे. माझ्या गाडीचे बाकी सगळे काम मार्गी लागत गेले आणि नेमके इथेच अडून बसले. ते सुटले तेही काकांनी मागे ठेवलेल्या हत्यारांच्या पेटीमुळेच. ज्या कारखान्यात ते काम दिले त्याबद्दलचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही, पण निदान त्यातून दुसऱ्या कोणाचा वेळ वाचावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

गाडी बी.एस.ए. एम-२०, युद्धकाळात बनलेली. ४९६ सीसीचे, एका सिलिंडरचे, साइड व्हॉल्व्हचे (बाजूला झडपा असलेले) इंजिन. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ८२ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास, ९४ मिलिमीटर. गाडीबरोबर काकांची पेटी माझ्याकडे आली आणि मी आधी पेटीला हात घातला, हे फार बरे झाले. या गाडीच्या बहुतेक नट-बोल्टना आज सर्वत्र मिळणारे मिलिमीटरचे पाने बसत नाहीत. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली ठरवलेल्या मापपद्धतीत पान्यावरचा आकडा त्याच्या तोंडाचे माप सांगत नाही, तर बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतो. पाव इंची व्हिटवर्थ पान्याचे तोंड ०.५२५ इंच, म्हणजे सुमारे १३.३ मिलिमीटर असते. तिथे १३चा पाना चढत नाही आणि १४चा पाना नटाचे कोपरे गोल करून टाकतो. काकांच्या पान्यांवर एकाच तोंडाला दोन आकडे कोरलेले पाहून सुरुवातीला मी चक्रावले होते. एक आकडा व्हिटवर्थ आट्यांचा आणि दुसरा त्याच पद्धतीतल्या बारीक आट्यांचा, हे कळल्यावर मात्र अख्खी पेटी वाचता येऊ लागली. त्याशिवाय बी.एस.ए.ने पुष्कळ ठिकाणी इंचाला २६ आटे असलेले सायकलचे आटे वापरले आहेत, आणि त्यांचा कोन व्हिटवर्थसारखा ५५ अंशांचा नसून ६० अंशांचा असतो. त्यामुळे कोणताही परका बोल्ट जोर लावून फिरवण्याआधी आटे मोजण्याच्या गेजचे पाते त्यावर टेकवून पाहावे.

गंजलेले पाने आणि छिन्न्या मी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जरच्या विजेने स्वच्छ केल्या. हत्यार ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाचा भंगार तुकडा धन टोकाला जोडायचा, आणि हे काम मोकळ्या हवेत करायचे. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, कारण त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. मोजमापाची हत्यारे मात्र या पाण्यात घालायची नाहीत.

पेटीच्या तळाशी तेलकट कागदात गुंडाळलेला तीन ते चार इंची मायक्रोमीटर (बारीक मापे घेण्याचे स्क्रूचे हत्यार) होता आणि सोबत त्याचे शून्य तपासण्याचा तीन इंचांचा प्रमाण दांडा. तो दांडा लावून पाहिले, तेव्हा शून्य एका थाऊने, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाने, चुकत होते. मायक्रोमीटरच्या दोन्ही टोकांमध्ये कोरा कागद अलगद धरून ओढल्यावर काळपट रेघ कागदावर उतरली आणि शून्य जागेवर आले. वारशाने आलेले माप असे तपासल्याशिवाय वापरू नये आणि तपासून खरे ठरले, तर त्यावर बेलाशक विश्वास ठेवावा.

हेड, म्हणजे सिलिंडरचे वरचे झाकण, उतरवल्यावर सिलिंडरच्या वरच्या बाजूला, पिस्टनभोवतीच्या रिंगांचा प्रवास संपतो तिथे, नखाला अडकेल असा कंगोरा लागला. झीज सर्वांत जास्त तिथेच असते. ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा किंचित मोठा, पिस्टन मिळवला, व्हॉल्व्ह काढले (साइड व्हॉल्व्ह इंजिनात व्हॉल्व्हच्या बैठका सिलिंडरच्याच ओतिवात असतात, त्यामुळे ते आधी काढावेच लागतात) आणि सिलिंडर घेऊन बोअरिंगच्या कारखान्यात गेले.

आता खरी कथा. मी पिस्टन सोबत नेला होता, कारण बोअर पिस्टनच्या मापाने करायचा असतो; पिस्टनच्या डब्यावरचा आकडा पाहून करायचा नसतो. मालकांनी पिस्टन ठेवून घेतला, पण तो मोजला नाही. सिलिंडरही मोजला नाही. पिस्टन आणि बोअर यांच्यात किती फट ठेवणार, असे विचारले, तर ‘‘ताई, आमचं रोजचं काम आहे, तुम्ही काळजी करू नका’’ एवढेच उत्तर मिळाले. त्यानंतर सुरू झाले ते ‘उद्या’. फोन केला की मशिन दुसऱ्या कामात गुंतलेले असे, आणि प्रत्यक्ष गेले की माझा सिलिंडर कोपऱ्यात ट्रकच्या ब्लॉकमागे, तेलाचा हातही न फिरवता उघडा पडलेला दिसे. आतल्या भिंतीवर तांबूस छटा चढू लागली होती. काम कधी होईल हे ठाम सांगा, उशीर झाला तरी चालेल, असे मी अनेकदा म्हटले. मला त्रास उशिराचा तितका झाला नाही, जितका खोट्या तारखांचा झाला. इंजिन उघडे ठेवून बसलेल्या माणसाला त्या तारखेवर पुढची सगळी कामे बेतावी लागतात.

अखेर सिलिंडर हाती आला तेव्हा मालकांनी पिस्टन वरून आत सोडला, तो सरळ खाली उतरला आणि ‘‘बघा, लोण्यासारखा जातो’’ म्हणून त्यांनी बिल पुढे केले. मी पैसे देण्याआधी तिथेच मोजायचे ठरवले. सिलिंडर आणि पिस्टन बराच वेळ एकाच टेबलावर होते, हे मुद्दाम पाहून घेतले. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडर लोखंडाचा; ॲल्युमिनियम लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे एक वस्तू उन्हातली आणि दुसरी सावलीतली असली, तर माप फसवते.

पिस्टन आधी मोजला. तो पूर्ण गोल नसतो, म्हणून खालच्या घेराजवळ, गजनपिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या आडव्या पिनच्या) काटकोनात मोजावा लागतो. इंची मायक्रोमीटरच्या स्क्रूला इंचाला ४० आटे असतात, म्हणजे एक पूर्ण फेरा २५ थाऊंचा. दांड्यावर २ हा आकडा आणि त्यापुढची एक बारीक रेघ उघडी झाली होती, आणि फिरत्या नळीवरची १९वी रेघ मधल्या रेषेशी जुळत होती. तीन इंच अधिक २००, अधिक २५, अधिक १९ थाऊ, म्हणजे ३.२४४ इंच. मग टेलिस्कोपिक गेज (आत फाकून बसणारा, नंतर मायक्रोमीटरने मोजायचा दांडा) बोअरमध्ये घालून वर, मध्ये आणि खाली, क्रँकच्या दिशेने आणि तिच्या आडव्या दिशेने अशी मापे घेतली. वर ३.२४८ इंच आले, मध्येही तेच. खाली मात्र ३.२४५५. म्हणजे वर चार थाऊंची फट आणि तळाशी जेमतेम दीड.

थंड असताना दीड थाऊंतूनही पिस्टन हाताने उतरतो, त्यामुळे लोण्याची ती परीक्षा काहीच सिद्ध करत नाही. इंजिन तापले की पिस्टन सिलिंडरपेक्षा जास्त तापतो, जास्त फुगतो आणि तळाशी धरून बसतो. नव्या पिस्टनचे आणि नव्या बोअरचे मातेरे व्हायला तेवढे पुरे असते. हे का झाले, तेही दिसत होते. होनिंगचे, म्हणजे बोअरिंगनंतर शेवटची घासाई करणारे, दगड खालच्या टोकापलीकडे पुरेसे उतरवले नाहीत, तर तिथला धातू कमी घासला जातो आणि बोअर खाली निमुळता राहतो.

मालक आधी माझ्या मायक्रोमीटरलाच नावे ठेवू लागले. मी प्रमाण दांडा काढून शून्य दाखवले आणि त्यांच्याच डायल गेजने मोजा, अशी विनंती केली. त्यांचा काटाही खाली तितकाच मागे आला. मग मात्र त्यांनी वाद न घालता सिलिंडर पुन्हा मशिनवर चढवला, माझ्यासमोर खालच्या भागात दगड फिरवले, मध्ये थांबून निवू दिला, मोजला आणि वर-खाली सारखा करून दिला. कित्येक आठवडे रखडलेले काम माझ्यासमोर चहा निवायच्या आत झाले. काकांचे हत्यार त्या टेबलावर खरे ठरले याचा मला जितका अभिमान वाटला, तितकीच चीड यायची ती आली.

म्हणून सांगते: सिलिंडर देतानाच पिस्टनचे माप आणि हवी असलेली फट कागदावर लिहून त्यावर सही घ्या, आतून तेल लावून द्या, आणि परत घेताना किमान तीन उंचींवर, दोन दिशांनी मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. स्वतःकडे माप नसेल, तर त्यांनाच तुमच्यासमोर मोजायला लावा. जो नकार देईल, त्याच्याकडे काम देऊ नये.

पुढची जुळणी बिनघोर झाली. रिंगा एकेक करून बोअरमध्ये घातल्या, पिस्टनने ढकलून सरळ बसवल्या आणि तोंडांतली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) पाहिली. बोअरच्या दर इंचाला तीन ते चार थाऊ हा नेहमीचा हिशेब आहे. ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोच्या पॉइंटची फट १२ थाऊंवर ठेवली, व्हॉल्व्ह उचलणारे टॅपेट जुळवले, आणि गाडीने किकला साथ दिली.

एक गोष्ट वर सांगायची राहिली. होनिंगनंतर बोअर नुसता रॉकेलने पुसून भागत नाही, कारण दगडांची बारीक कच घासण्याच्या रेघांमध्ये तशीच राहते आणि पहिल्याच प्रवासात नव्या रिंगा खाते. गरम पाणी, साबण आणि ब्रश घेऊन, आत फिरवलेले पांढरे फडके पांढरेच बाहेर येईपर्यंत बोअर घासावा, लगेच कोरडा करावा आणि तत्क्षणी इंजिन ऑइलचा हात द्यावा. उशीर केला, तर बघता बघता गंजाची छटा चढते.